ग्लॅडिओलस: पाने जोमदार, पण दांडे आखूड आणि कंद सडतात

प्रश्न: ग्लॅडिओलसला दर आठवड्याला युरिया देतो. पाने हिरवीगार आहेत, पण फुलदांडे कमी आणि आखूड येतात. मागच्या हंगामाचे कंद साठवणीत सडले. लागवडीला हाडांचा चुरा घालावा का?

उत्तर: तुमच्या तिन्ही तक्रारींच्या मुळाशी जादा नत्र (नायट्रोजन, जे युरियातून मिळते) असण्याची शक्यता मोठी आहे. नत्र जास्त झाले की पाने माजतात, कंदाच्या पेशी मऊ राहतात आणि फ्युजेरियम या बुरशीची मर (झाड वाळण्याचा रोग) व कंदकूज सहज शिरते. आठवड्याचा युरिया आधी बंद करा.

सुरुवातीची वाढ कंदातल्या साठ्यावर होते, त्यामुळे लागवडीवेळी दिलेले नत्र बरेचसे वाया जाते. नत्राचे हप्ते तारखेने न देता पाने मोजून द्या: दोन, चार आणि सहा पानांवर. याच काळात दांडा आतल्या आत घडत असतो. उशीर झाला तर पुढे कितीही खत टाकले तरी कळ्यांची संख्या वाढत नाही.

एका गुंठ्याला साधारण ३ किलो नत्र, २ किलो स्फुरद (फॉस्फरस) आणि २ किलो पालाश (पोटॅश) धरा. माती परीक्षणाप्रमाणे त्यात बदल करा. म्हणजे तीन हप्त्यांत मिळून ६.५ किलो युरिया, तर लागवडीपूर्वी १२.५ किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि ४ किलो सल्फेट ऑफ पोटॅश. स्फुरद मातीत फारसे सरकत नाही, म्हणून ते मुळांच्या थरात मिसळा. मात्र कंदाचा बूड थेट खतावर टेकू देऊ नका, मध्ये दोन बोटे माती हवी. नाहीतर कोवळी मुळे करपतात. शेणखत पूर्ण कुजलेलेच वापरा.

हाडांच्या चुऱ्यातला स्फुरद चुनखडीच्या, सामू (pH) ७ च्या वर असलेल्या जमिनीत जवळपास विरघळत नाही, तिथे त्यावर खर्च करू नका. पानांची टोके करपत असतील तर सुपर फॉस्फेटमधील फ्लोराइडचाही संशय घ्या. ग्लॅडिओलस त्याला फार संवेदनशील आहे. अशा वेळी सुपर फॉस्फेटची मात्रा वाढवू नका.

दांडे मानेत वाकत असतील तर कॅल्शियम कमी पडते. शेवटचा नत्राचा हप्ता युरियाऐवजी कॅल्शियम नायट्रेटमधून द्या (गुंठ्याला सुमारे ६.५ किलो). ते स्फुरदयुक्त किंवा सल्फेटच्या खतांबरोबर एकाच टाकीत कालवू नका, साका बसतो आणि ठिबकच्या नळ्या तुंबतात.

दांडा काढताना झाडावर किमान चार पाने ठेवा. नवा कंद त्यानंतरच पोसतो, आणि बहुतेक जण नेमके इथेच पिकाकडे पाठ फिरवतात. नत्र नको, पण ०:०:५० या विद्राव्य (पाण्यात विरघळणाऱ्या, फक्त पालाश देणाऱ्या) खताच्या लिटरला ५ ग्रॅम प्रमाणे पंधरा दिवसांच्या अंतराने दोन फवारण्या द्या. पाने पिवळी पडू लागली की पाणी तोडा आणि दोन-तीन आठवड्यांनी कंद काढा.