वाचकांचे प्रश्न : मंडळीतील तरुणांना जबाबदारी कधी द्यायची?

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी आहेत. ख्रिस्ती तरुणांमधून उद्याचे पुढारी कसे घडवायचे, हा तो विषय होय. पत्रे थोडक्यात दिली असून लिहिणाऱ्यांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : आमची मंडळी (स्थानिक चर्च) अहिल्यानगर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आहे. दर मे महिन्यात आम्ही दहा-बारा मुलामुलींना युवक शिबिराला पाठवतो. परत आल्यावर ती महिनाभर उत्साहाने उपासनेला येतात, साक्ष देतात (आपल्या विश्वासाचा अनुभव सांगतात), गीते म्हणतात. पावसाळा सुरू झाला की मागचे बाक पुन्हा रिकामे होतात. इतका खर्च करूनही पुढारी म्हणावा असा एकही तरुण तयार झाला नाही, असे समितीतील काहींचे म्हणणे आहे. शिबिरे बंद करावीत काय? — मंडळीचे एक वडील (ज्येष्ठ पुढारी)

उत्तर : शिबिरे बंद करू नयेत, परंतु शिबिराने जे द्यावे अशी आपली अपेक्षा आहे, ते देणे शिबिराच्या आवाक्यातले नाही. चार दिवसांत मुलांच्या मनात इच्छा जागी होते, आपल्यासारखीच आणखी मुले आहेत हे त्यांना कळते, आणि एखाद्याला आयुष्यभर पुरेल असा निर्णयही तिथे घेता येतो. पुढारीपण मात्र काम करूनच येते. म्हणून आपल्या समितीने एक प्रश्न स्वतःला विचारावा : जूनमध्ये ही मुले परतली, तेव्हा त्यांच्यासाठी मंडळीत कोणते काम राखून ठेवलेले होते? बहुतेक ठिकाणी याचे उत्तर गिटार वाजवणे, खुर्च्या मांडणे आणि नाताळची सजावट करणे एवढेच निघते. ही कामे हलकी नाहीत, पण त्यांत कोणताही निर्णय घ्यावा लागत नाही, कोणाचा रोष पत्करावा लागत नाही आणि कशाचाही हिशेब द्यावा लागत नाही. ज्याला या तिन्हींची सवय नाही, तो चाळिशीत समितीवर आला तरी नवखाच असतो.

पवित्र शास्त्रातील दाखला पाहू. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात यरुशलेमेच्या मंडळीत तक्रार उठते, की रोजच्या अन्नवाटपात ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांची उपेक्षा होते. प्रेषितांनी त्यावर सात माणसे निवडायला सांगितले आणि वाटपाचे काम त्यांच्यावर सोपवले. त्या सातांची नावे वाचून पाहावीत. स्तेफन, फिलिप्प, प्रखर, निकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव अशी सगळीच नावे ग्रीक आहेत. म्हणजे ज्या बाजूने तक्रार आली, बहुधा त्याच बाजूच्या माणसांच्या हाती वाटप दिले गेले, आणि त्यांच्यातीलच स्तेफन व फिलिप्प पुढे मोठे साक्षीदार झाले. आपल्याकडे तक्रार करणाऱ्या तरुणाला समजूत घालून खाली बसवतात. त्याला तक्रारीचेच काम सोपवण्याचा विचार फारसा कोणाच्या मनात येत नाही.

आपल्या देशातील उदाहरण वेदनायगम सॅम्युअल अझरया यांचे आहे. त्यांचा जन्म १८७४ मध्ये तिरुनेलवेली भागातील एका खेड्यात, एका पाळकाच्या घरी झाला. विशीच्या आरंभी ते वाय.एम.सी.ए. या ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेचे सचिव झाले आणि दक्षिण भारतभर फिरले. १९०३ मध्ये, वयाच्या अवघ्या एकोणतिसाव्या वर्षी, त्यांनी इतरांबरोबर तिरुनेलवेलीची इंडियन मिशनरी सोसायटी स्थापन केली. माणसे भारतीय, पैसा भारतीय आणि कारभारही भारतीयांच्याच हाती, हा तिचा आग्रह होता. दोनच वर्षांनी सेरामपूर येथे नॅशनल मिशनरी सोसायटी उभी राहिली, तिच्या संस्थापकांतही ते होते; आणि १९१२ मध्ये ते आजच्या तेलंगणातील दोर्नकलचे बिशप, म्हणजे अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतील) मंडळीचे पहिले भारतीय बिशप झाले. या चरित्रात शिबिरांचा वाटा किती होता, हे सांगणे कठीण आहे. परंतु विशीतच त्यांच्याकडे प्रवास, पत्रव्यवहार, पैसा आणि माणसे यांची खरी जबाबदारी आली होती, हे निश्चित. १९१० मध्ये एडिंबरोच्या जागतिक मिशनरी परिषदेत त्यांनी परदेशी मिशनऱ्यांना भर सभेत ऐकवले, की तुम्ही पुष्कळ त्याग केलात, पण आम्हाला तुमची मैत्री हवी आहे. त्या वेळी सभागृहात अस्वस्थता पसरली होती. मंडळीच्या वडिलांनी हे बोलणे आज स्वतःला लावून पाहावे, कारण आपल्या तरुणांची मागणी बहुतेक वेळा हीच असते.

आता आपल्या मंडळीपुरते. दहा-बारा मुलांचा विचार एकदम न करता त्यांच्यातील दोघांना निवडा, आणि शक्य असेल तर त्यांत एक मुलगी असू द्या. त्यांना वर्षभरासाठी ठरावीक काम द्या आणि त्या कामासाठी समितीतील एक ज्येष्ठ त्यांच्याबरोबर नेमा. एकाने खजिनदाराबरोबर बसून दर रविवारच्या दानाची मोजणी, पावत्या आणि खातेवही सांभाळावी. बँकेत सही त्याची नसेल, पण महिन्याचा हिशेब समितीपुढे त्यानेच वाचावा आणि प्रश्नांना उत्तरेही त्यानेच द्यावीत. आपली मंडळी सार्वजनिक विश्वस्त संस्था म्हणून नोंदलेली असेल, तर विश्वस्त बदलल्यावर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो, लेखापरीक्षण करून घ्यावे लागते, मालमत्तेच्या नोंदी अद्ययावत ठेवाव्या लागतात. कित्येक मंडळ्यांची ही कामे वर्षानुवर्षे पडून राहतात आणि मग जमिनीच्या वादात कागदच सापडत नाहीत. पदवीधर तरुणाने हे शिकून घेतले, तर त्याला मंडळीत मान मिळवण्यासाठी भाषण करावे लागणार नाही. दुसऱ्याने पाळकांबरोबर आजाऱ्यांच्या आणि दुःखात असलेल्यांच्या घरी जावे. आरंभी त्याने फक्त सोबत बसावे आणि चार-सहा महिन्यांनी स्वतः प्रार्थना करावी. बालशाळेचे काम द्यायचे असेल, तर मुलांबरोबर नेहमी दोन प्रौढ व्यक्ती असतील असा नियम लेखी करावा. लैंगिक अत्याचारापासून मुलांचे संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याची माहिती ते काम करणाऱ्या प्रत्येकाला दिली पाहिजे.

हे करताना तरुणांकडून चुका होतील. प्रेषित पौलाच्या प्रचारफेरीत पंफुल्यात अर्ध्यावर सोडून गेलेल्या मार्काला पौलाने पुढच्या फेरीत घ्यायला नकार दिला, तेव्हा पौलाचा सहकारी बर्णबा याने त्याला आपल्याबरोबर नेले. आणि अखेरच्या दिवसांत, मार्काला घेऊन ये, तो सेवेसाठी उपयोगी आहे, असे तोच पौल तीमथ्याला लिहितो. आपल्या समितीत बर्णबाची भूमिका कोण घेणार, हे आधी ठरवून ठेवा. त्याचबरोबर तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात नवशिक्याला अध्यक्षपद देऊ नये असा इशाराही आहे, तो विसरू नये. म्हणूनच आरंभ पदापासून न करता कामापासून करायला सांगत आहे. शेवटचा मुद्दा लिहायला संकोच वाटतो, तरी लिहितो. समितीतील जे सदस्य वीस-वीस वर्षे त्याच जागी बसले आहेत, त्यांनी मुदत संपल्यावर खरोखर उठले पाहिजे. जागाच रिकामी होत नसेल, तर कितीही तयारी केली तरी तरुण बसणार कोठे?

प्रश्न : मी पुण्यात नोकरी करते. वय २६. लहानपणापासून मराठी उपासनेला जाते, परंतु माझ्या बरोबरीचे बहुतेक जण इंग्रजी मंडळ्यांकडे वळले आहेत. मला वाचन, बालशाळा आणि नाताळचा कार्यक्रम एवढेच दिले जाते. समितीसाठी माझे नाव सुचवले, तेव्हा “लग्न झाल्यावर पाहू, कोणत्या गावी जाशील कोण जाणे,” असे उत्तर मिळाले. मीही दुसरीकडे जावे काय?

उत्तर : लग्नाचे कारण टिकण्यासारखे नाही. समितीची मुदत काही वर्षांचीच असते, आणि नोकरीसाठी पुरुषही बदलीवर जातातच. त्यांना कोणी हे विचारत नाही. आपली मंडळी कोणत्या पंथाची आहे ते पत्रात नाही. १९७० मध्ये नागपूर येथे स्थापन झालेल्या उत्तर भारत मंडळीत (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) स्त्रीला पाळकपदाची दीक्षा मिळू शकते. तेथे समितीच्या सदस्यत्वासाठी अविवाहितपणाची अडचण काढणे विसंगत ठरेल. आपल्या मंडळीची घटना (नियमावली) मागून घ्यावी आणि सदस्यत्वाची पात्रता तिच्यात काय लिहिली आहे, ते स्वतः वाचावे. पुष्कळदा “आपल्याकडे असे चालत नाही” हे वाक्य घटनेत कोठेच नसते.

महाराष्ट्रात तर या बाबतीत दाखले शोधायला दूर जावे लागत नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये विधवांना आणि निराधार मुलींना आसरा दिला, आणि त्याचबरोबर शेती, विणकाम, शिक्षण, छापखाना अशी कामे त्यांच्याच हाती दिली. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून रमाबाईंनी केलेल्या मराठी बायबलच्या छपाईत त्या स्त्रियांचे हात होते. ज्यांना समाजाने घराच्या कोपऱ्यात बसवले होते, त्या छपाईचे खिळे जुळवून धर्मग्रंथ छापू लागल्या. रमाबाईंची कन्या मनोरमा हिला त्यांनी आपल्या कामासाठी तयार केले होते. ती १९२१ मध्ये वारली आणि पुढच्याच वर्षी रमाबाईही गेल्या. तरीही संस्था चालू राहिली. काम एका वारसापुरते न ठेवता अनेकींमध्ये वाटलेले असण्याचा त्यात वाटा असावा, असे मला वाटते.

मराठी सोडण्याविषयी मात्र घाई करू नये. इंग्रजी उपासनेत संगीत चांगले असेल, बरोबरीची माणसे भेटतील, हे खरे. पण ज्या आजींना दवाखान्यात ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचे गीत ऐकावेसे वाटते, त्यांच्या उशाशी बसून ते म्हणणारी आणि मराठीत प्रार्थना करणारी तरुण माणसे कमी होत चालली आहेत. टिळकांनी कीर्तन आणि भजन ख्रिस्ती उपासनेत आणले, ते लोकांना स्वतःच्या भाषेत देवाजवळ जाता यावे म्हणून. हे काम पुढे चालवणे हेही पुढारीपणच आहे, आणि त्याला कोणाच्या समितीची परवानगी लागत नाही.

तेव्हा माझा सल्ला असा : एक निश्चित काम लेखी मागा. उदाहरणार्थ, मंडळीतील दहावी-बारावीच्या मुलांसाठी शिष्यवृत्तीची माहिती, अर्ज आणि मार्गदर्शन यांची जबाबदारी, तिच्यासाठी लागणारा थोडा निधी आणि तो खर्च करण्याचा अधिकार. एक वर्षभर वाट पाहा. त्या पत्राचे उत्तरही आले नाही, तर दुसरीकडे जाण्यात आपल्याकडे दोष येणार नाही.

प्रश्न : आमच्या वसईतील धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) युवक गटातील दोघे-तिघे स्थानिक निवडणूक लढवण्याचा विचार करत आहेत. ज्येष्ठांचे म्हणणे, चर्चच्या मुलांनी राजकारणात पडू नये. तुमचे मत काय?

उत्तर : कॅथलिक धर्मसंहितेनुसार शासनाची सत्ता हाती असलेले पद धर्मगुरूला घेता येत नाही. प्रापंचिकाला, म्हणजे धर्मगुरू नसलेल्या भाविकाला, असे बंधन नाही, उलट सार्वजनिक जीवन हे त्याचे स्वतःचे क्षेत्र मानले जाते. ज्येष्ठांच्या मनात हे दोन्ही एकत्र झाले असावेत. शिवाय वसईने तर धर्मगुरूनेही पद न घेता सार्वजनिक प्रश्नात कसे उतरावे, हे पाहिलेले आहे. ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक राहिलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईच्या, म्हणजे तेथील पर्यावरण वाचवण्याच्या, लढ्यात पुढे होते, आणि २०२० मध्ये उस्मानाबाद येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. त्यांच्यामागे उभे राहिलेले लोक केवळ ख्रिस्ती नव्हते, ही गोष्ट आपल्या तरुण उमेदवारांनी नीट लक्षात घ्यावी.

मागे पाहिले तर के. टी. पॉल हे १९१६ मध्ये वाय.एम.सी.ए.चे पहिले भारतीय राष्ट्रीय सरचिटणीस झाले, खेड्यांतील सहकारी पतपुरवठ्यासाठी झटले आणि पहिल्या गोलमेज परिषदेत त्यांनी ख्रिस्ती समाजाची बाजू मांडली. ख्रिस्ती लोकांसाठी स्वतंत्र मतदारसंघ त्यांना नको होते. घटना समितीचे उपाध्यक्ष हरेंद्र कुमार मुखर्जी हे ख्रिस्ती होते, आणि त्यांनीही धार्मिक आधारावरच्या राखीव जागांचा आग्रह धरला नाही. आपल्या समाजाच्या नावावर मते न मागता सर्वांसाठी काम करण्याची ही परंपरा आहे.

त्या तरुणांनी उमेदवारी जाहीर करण्याआधी धर्मग्राम परिषदेतील पद सोडावे. वेदीवरून किंवा मिस्सेनंतर (उपासनेनंतर) अंगणातही प्रचार नको. दरम्यान आपल्याच लोकांचे प्रश्न त्यांनी अभ्यासावेत. अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांना १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला. हा मुद्दा वसईच्या बाहेरील ख्रिस्ती कुटुंबांच्या दृष्टीने किती महत्त्वाचा आहे, हे वसईतील अनेक तरुणांना ठाऊक नसते. पाणी, कचरा आणि रस्ते हे विषय तर समोरच आहेत; प्रभागातील पाण्याच्या टाकीची क्षमता ज्याला सांगता येत नाही, त्याने अजून एक वर्ष थांबलेले बरे.

प्रश्न : माझा मुलगा यंदा बारावी झाला. त्याला थेट सेमिनरीत (पाळक घडवणाऱ्या महाविद्यालयात) जायचे आहे. पाळकांना आनंद झाला आहे, पण मला काळजी वाटते. — एक आई

उत्तर : आपली काळजी रास्त आहे, आणि मुलाच्या इच्छेत काही वावगेही नाही. सेरामपूर विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत बी.टीएच. हा धर्मशास्त्राचा अभ्यासक्रम बारावीनंतर करता येतो, तर बी.डी. हा धर्मशास्त्राचाच अभ्यासक्रम पदवीनंतर करता येतो. मुलाने आधी कोणत्याही विषयातील पदवी घ्यावी आणि ती तीन-चार वर्षे मंडळीतच वर सांगितल्याप्रमाणे एखादे काम सांभाळावे, असे मी सुचवीन. लोकांचे अर्थकारण, शेती किंवा कायदा थोडा कळलेला पाळक आपल्याकडे फार उपयोगी पडतो. इच्छा टिकली, तर बी.डी.चा दरवाजा उघडाच आहे. थांबायला तो तयारच नसेल, तर अर्ज भरण्याआधी आपण दोघांनी पाळकांना तीन गोष्टी स्पष्ट विचाराव्यात : अभ्यासक्रमाचा खर्च कोण करणार, त्या बदल्यात किती वर्षे सेवा करण्याचे बंधन राहील, आणि शिक्षण संपल्यावर नेमणूक मिळेल याची लेखी हमी धर्मप्रांत देतो की नाही. तोंडी आश्वासनावर वसतिगृहाची अनामत भरू नये.