साहेब सुट्टीवर असताना त्यांच्या लॉगिनने व्हेंडरचं बिल अप्रूव्ह करू का?

नाही, अजिबात करू नका, साहेबांनी स्वतः व्हॉट्सॲपवर पासवर्ड पाठवला असला तरी नाही. मी इंटर्नल ऑडिटमध्ये आहे, बिल टाकणारा एक आणि पास करणारा दुसरा हा मेकर-चेकरचा नियम त्याचसाठी असतो, उद्या चौकशी लागली की साहेबांच्या आयडीसमोर तुमच्या मशीनचा आयपी दिसतो आणि दोघंही अडकता. 2018 ला पंजाब नॅशनल बँकेचा घोटाळा बाहेर आला तो आपल्या फोर्टच्या ब्रॅडी हाऊस शाखेतलाच, स्विफ्टवरून (बँकांच्या आपसातल्या मेसेजच्या नेटवर्कवरून) गेलेल्या हमीच्या मेसेजची नोंद बँकेच्या मुख्य सिस्टीममध्ये नव्हती म्हणून वर्षानुवर्षं कुणाच्या नजरेला आलंच नाही. हां, त्या तारखांपुरतं रीतसर डेलिगेशन, म्हणजे साहेबांचा पास करायचा अधिकार तुम्हाला, मिळालं असेल तर स्वतःच्या लॉगिनने पास करा, फक्त तुम्हीच टाकलेलं बिल तेव्हाही नाही.