टू-व्हील पिकअपला तीन इंच लिफ्ट? आधी खाली काय घासतंय ते बघा

दादा, तुमचा प्रश्न मला कळला तो असा: २०११ ची टाटा झेनॉन पिकअप, टू-व्हील ड्राइव्ह (फक्त मागची चाकं ओढणारी), २३५/७० आर १६ टायर. गोव्यात वाळपईच्या पुढे कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, जाणाऱ्या कच्च्या वाटेवर पावसात गाडी खालून घासते आणि रुतते. गॅरेजवाला म्हणतो, पुढचे टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांड्या) पूर्ण आवळू, मागे लांब शॅकल (पाट्याचं टोक चासीला जोडणारी झुलती कडी) घालू, तीन इंच उंची मिळेल. करावं का?

तीन इंच करू नका. फार तर दीड इंच, आणि तेही नेमकं काय घासतंय हे पक्कं कळल्यावर.

मुख्य मुद्दा मागच्या अ‍ॅक्सलचा आहे. तुमच्या गाडीला मागे सरळ अ‍ॅक्सल आणि त्याच्या पोटात डिफरन्शियलचा, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरचा, गोळा. सस्पेन्शन उचललं की चासी वर जाते, हौदा वर जातो, पण अ‍ॅक्सल होता तिथेच राहतो, कारण तो चाकांवर बसलेला आहे. गोळा जमिनीपासून किती वर राहणार, हे फक्त टायर ठरवतो. कुळागराच्या वाटेवर दोन चाकोऱ्या खोल जातात आणि मधे गवताचा वरंबा उरतो. त्या वरंब्यावर गोळा टेकला की मागच्या चाकांवरचं वजन जातं आणि ती जागच्या जागी फिरत राहतात. तीन सोडा, सहा इंच लिफ्ट दिली तरी तो वरंबा तसाच लागणार.

म्हणून खर्चाआधी एक काम करा. गाडी खालून स्वच्छ धुवा. डिफरन्शियलचं पोट, पुढचा क्रॉस मेंबर (चासीची आडवी पट्टी), ऑइल चेंबरखालचा पत्रा आणि बंपरची खालची कड, या चारही जागांना पांढऱ्या डिस्टेंपरचा एकेक हात मारा. वाळल्यावर नेहमीएवढा माल घालून नेहमीच्या वाटेने जाऊन या आणि रंग कुठला पुसला ते बघा. क्रॉस मेंबर किंवा पत्र्याचा गेला असेल तर लिफ्टचा खरोखर उपयोग आहे. चोडणच्या फेरीबोटीत ओहोटीला चढताना बंपर टेकत असेल तरीही थोडा आहे. पण गोळ्याचा रंग गेला असेल, आणि तुमच्या वर्णनावरून मला तोच संशय आहे, तर पैसे टायरवर घाला. शिवाय चाकोरीत चिऱ्यांचे तुकडे टाकून ती भरून घ्या. एका दुपारचं काम आहे.

टायरचा हिशोब सांगतो. २३५/७० आर १६ चा व्यास साधारण ७३५ मिलिमीटर, २५५/७० आर १६ चा ७६३. व्यासात २८ वाढले म्हणजे गोळा १४ मिलिमीटर वर गेला. ऐकायला कमी वाटतं, पण ही एवढीच उंची त्याला खरी मिळते. स्पीडोमीटर थोडा कमी दाखवेल, काटा ६० वर असताना वेग ६२ च्या आसपास असेल. स्टेअरिंग पूर्ण वळवून टायर कुठे घासत नाही ना, तेही बघा. त्याच मापात ऑल-टेरेन नक्षीचे टायर घेतलेत तरी लाल चिखलात फरक लगेच कळेल. रिकाम्या पिकअपची मागची चाकं हलकी असतात, टू-व्हीलचं अर्धं दुखणं तेच. पावसाळ्यात वाळूच्या तीन गोण्या मागच्या अ‍ॅक्सलच्या बरोबर वर, घट्ट बांधून ठेवा.

आता टॉर्शन बार. माझ्या आधीच्या पिकअपला मी हेच करून घेतलं होतं. बोल्ट शेवटच्या आट्यापर्यंत आवळलेला. पहिले काही दिवस गाडी रुबाबदार दिसली. मग अनमोड घाटात प्रत्येक खड्ड्यात चाक खाली गेलं की ठक्क, असा लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा आवाज यायला लागला. बार आवळल्याने सस्पेन्शनची एकूण हालचाल वाढत नाही, फक्त गाडीची बसायची जागा वर सरकते. वर सरकली तेवढी चाकाला खाली जायची जागा संपली, आणि चाक धरणारा वरचा आर्म उभ्या गाडीतच, चाकाला आणखी खाली जाण्यापासून अडवणाऱ्या रबरावर टेकून बसला. चार महिन्यांत पुढच्या दोन्ही टायरच्या बाहेरच्या कडा गेल्या. तळहात फिरवला तर ठोकळे करवतीच्या दातासारखे लागायचे. एका शॉक अब्सॉर्बरमधून तेल गळायला लागलं. शेवटी सगळं परत खाली आणलं.

तरी पुढून उचलायचंच असेल तर असं करा. सपाट सिमेंटवर चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत दोन्ही बाजूंचं माप घेऊन लिहून ठेवा. अ‍ॅडजस्टिंग बोल्टवर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारा, रंगाने खूण करा. चासी जॅकवर घेऊन स्टँड लावा, पुढची चाकं अधांतरी हवीत. भार असताना बोल्ट फिरवला तर आटे जातात. दोन्हीकडे दोन-दोन फेरे द्या, गाडी खाली घ्या, एक-दोन किलोमीटर फिरवून आणा आणि मगच माप घ्या. जॅकवरून उतरल्या उतरल्या घेतलेलं माप खोटं येतं. वरचा आर्म आणि रबर यांच्यात निदान बोटभर फट राहिलीच पाहिजे. ती संपली की थांबा, इंच कितीही झालेले असोत. त्याच दिवशी अलायनमेंट करा आणि हेडलाइटचा झोत खाली आणा, नाहीतर चोर्ला घाटात समोरच्याच्या डोळ्यांत जाईल.

मागे शॅकल नको. शॅकल जेवढा लांब कराल त्याच्या साधारण निम्मीच उंची मिळते, म्हणजे तीन इंचांसाठी सहा इंच जास्त लांब शॅकल. नारळ भरून वळणावर हौदा कसा डोलेल, विचार करा. पिनियनचा (डिफरन्शियलमध्ये शिरणाऱ्या गिअरचा) कोन बिघडून प्रॉपेलर शाफ्ट थरथरतो, तो वेगळाच ताप. एवढ्या जुन्या गाडीचे पाटे (लीफ स्प्रिंग) मुळातच बसलेले असणार. ते उतरवून पुन्हा कमान द्या, तुटका किंवा चपटा पाटा बदला, बुश नवे घाला. खाणींच्या टिपरवर आयुष्य काढलेले पाट्यांचे कारागीर डिचोली-साखळीकडे मिळतील. नुसत्या कमानीने गाडी किती वर येते ते बघून तुम्हाला आश्चर्य वाटेल. पाटे उतरवले असतील तेव्हा चासीवरचे हँगर (पाटे ज्यांना टांगलेले असतात ते) हातोडीने ठोकून बघा. आपल्याकडच्या हवेत तिथला पत्रा आतून सडतो, आणि आवाज बद्द आला तर लिफ्टचा विषय बंद करून आधी वेल्डिंग.

एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. चासी आणि मागच्या अ‍ॅक्सलमध्ये एक बारीक दांडी असलेला ब्रेकचा व्हॉल्व्ह असेल, तर तो मालाचा अंदाज त्या दोघांमधल्या अंतरावरून घेतो. मागून उंची वाढली की त्याला गाडी रिकामी वाटते आणि भरल्या गाडीतही तो मागचे ब्रेक कमी लावतो. उंची बदलली की त्याची सेटिंग करून घ्याच. ब्रेकचा रबरी होज चाक पूर्ण लोंबताना ताणला जात नाही, हेही डोळ्यांनी बघा.

कायद्याचं: बसलेले पाटे मूळ उंचीला आणणं ही दुरुस्ती झाली. त्याच्या वर गेलात तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ लागू होऊ शकतं, आणि कलम १८२-अ मध्ये अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही सांगितलं आहे. आरटीओत आधी विचारा, विमा कंपनीला लेखी कळवा. अपघातानंतर सर्व्हेअर खाली वाकून बघतोच.

काम मे महिन्यात, वाट कोरडी असतानाच उरका. पाटे मागच्या अ‍ॅक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट एकदा काढले की नवेच घाला, जुने ताणलेले असतात. पाचशे किलोमीटर झाले की ते टॉर्क रेंचने पुन्हा आवळा, आणि त्या वेळी गाडी जॅकवर नको, चाकांवर उभी हवी.