उंदरांना पाळीच नसते, मग पाळी जातानाच्या नैराश्याचा अभ्यास त्यांच्यावर का करतात?

उंदराला पाळी येत नाही, हे तुमचं बरोबर आहे. त्याचं चक्र चार-पाच दिवसांचं असतं, रक्तस्राव नसतो. वय झालं की चक्र बिघडतं, पण बाईसारखं अंडाशय रिकामं होऊन इस्ट्रोजेन (अंडाशयात तयार होणारं हॉर्मोन) तळाला गेलंय असं त्याच्यात होत नाही. पण पुढे तुम्ही लिहिलंय की "मग हे प्रयोग म्हणजे पैसा आणि जीव दोन्ही वाया", ते मला मान्य नाही. मी फार्माकॉलॉजीत एम.फार्म. केलंय, प्रबंधाचा विषय हाच होता, आणि तो मी का घेतला हे सांगितल्याशिवाय मला उत्तर देता येणार नाही.

आमचं गाव चोपडा तालुक्यात. आई चाळिशीच्या आतच होती तेव्हा तिच्या अंगावरून फार जायला लागलं. तालुक्याच्या एका डॉक्टरांनी सोनोग्राफी केली आणि पिशवी काढून टाका म्हणाले, नाहीतर पुढे कॅन्सर होईल. घरात निर्णय मोठ्या काकांचा. "दोन पोरं झाली, आता पिशवीचं काय काम? कटकट मिटेल." कापसाचे पैसे हातात होते, ऑपरेशन झालं. टाके भरले, आई घरी आली, सगळ्यांना वाटलं संपलं.

त्यानंतरची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, मला अजून दिसते. आई म्हणजे खापरावरच्या पुरणपोळीचा हात. मऊ कणकेची पोळी दोन्ही हातांवर झेलत झेलत एवढी मोठी करायची की शेजारच्या बायका बघायला यायच्या. झोक्यावर गौराईची गाणी सुरू करायची तीही आईच. त्या वर्षी तिने पोळ्या केल्या, सगळ्यांना वाढल्या, आणि स्वतः आमरसाची वाटी माझ्याकडे सरकवली. "माले काहीच गोड लागत नही वं." झोक्याकडे ती गेलीच नाही. मग झोप गेली. पहाटे तीनला उठून ओट्यावर बसायची, घामाने लुगडं ओलं. घरात कुणी मोठ्याने बोललं तरी रडायची. काकांचं म्हणणं एकच: कामाचा कंटाळा, आणि वय झालं की बाया अशाच करतात. वय कुठलं झालं होतं?

एम.फार्म.ला असताना मी घरच्या पेटीतून रेशनकार्ड शोधत होते, त्यात तिचं डिस्चार्ज कार्ड सापडलं. इंग्रजीत लिहिलेलं, म्हणून घरात कुणी वाचलंच नव्हतं. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयं काढली होती. आईला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सह्या काकांच्या होत्या. प्रबंधाचा विषय मी त्याच आठवड्यात बदलून घेतला.

आता प्रयोग. नैतिक समितीची परवानगी मिळाल्यावर मादी उंदराला भूल देऊन पाठीच्या दोन्ही बाजूंना छोटा छेद घेतात, अंडाशय बांधून काढतात. तेवढ्याच माद्यांचा दुसरा गट असतो. त्यांनाही तीच भूल, तोच छेद, तेच टाके, फक्त अंडाशय दिसलं की परत आत ठेवायचं. याला शॅम गट म्हणतात. रोज सकाळी स्मिअर, म्हणजे योनीतल्या पेशींचा नमुना, घेऊन मायक्रोस्कोपखाली बघायचं. शॅम गटात आज केंद्रक असलेल्या गोल पेशी, उद्या केंद्रक नसलेल्या चपट्या, असं चक्र फिरत राहतं. ऑपरेशन झालेल्या गटात रोज त्याच पांढऱ्या पेशी. मग पिंजऱ्याला दोन बाटल्या लावायच्या, एकीत साधं पाणी, दुसरीत 1 टक्का साखरेचं. उंदराला गोड आवडतं, तो तिकडे जातो. दुसऱ्या दिवशी बाटल्यांचं वजन करायचं. माझ्या अंडाशय काढलेल्या माद्यांची साखरेची बाटली कमी उतरली होती. ते आकडे वहीत लिहिताना मला आमरसाची वाटीच दिसत होती.

काकांशी माझं भांडण इथेच आहे. आईबद्दल बोलताना ते नेहमी दुसरं कारण काढायचे. सासू कडक होती, कर्ज होतं, मुलगी शिकायला बाहेर गेली. बाईच्या बाबतीत अशी कारणं कधी संपत नाहीत, आणि त्यातली काही खरीही असतात. उंदराच्या पिंजऱ्यात सासू नसते, कर्ज नसतं. दोन्ही गटांना दाणा तोच, उजेड तोच, जखमही तीच. फरक फक्त अंडाशयाचा. त्याच माद्यांना एस्ट्राडिओल, म्हणजे इस्ट्रोजेनचाच मुख्य प्रकार, दिलं की वागणं बऱ्याच अंशी सुधारतं, हे कितीतरी प्रयोगशाळांनी दाखवलंय. परिस्थितीपासून शरीर वेगळं काढून बघता येतं ते इथेच. माणसावर हा प्रयोग करता येणार नाही, करूही नये.

तोंडी परीक्षेला आलेल्या बाहेरच्या परीक्षकांनी तुमचाच आक्षेप घेतला होता, की हे नैसर्गिक रजोनिवृत्तीचं मॉडेल नाही, अंडाशय एका दिवसात जातं कुठे? मी म्हणाले, सर, आमच्याकडे जातं. 2019 मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण गाजलं तेव्हा सगळ्यांना धक्का बसला. खान्देशातल्या बायकांना नाही बसला. गल्लीत विचारा, पिशवीचं ऑपरेशन झालेली एखादी तरी भेटेल, आणि अंडाशयं राहिली का गेली हे तिला माहीत नसेल. अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या अभ्यासात, पाळी जाण्याआधीच दोन्ही अंडाशयं काढलेल्या बायकांमध्ये पुढे नैराश्याची आणि चिंतेची लक्षणं जास्त आढळली. त्यांच्यासाठी हे मॉडेल तंतोतंत आहे.

ज्यांची पाळी आपोआप जाते त्यांच्यासाठी मात्र ते अपुरं आहे, तिथे तुमचा मुद्दा मी मानते. म्हणून व्हीसीडी नावाचं रसायन वापरतात. ते अंडाशयातली अगदी लहान, कच्ची पुटकं (ज्यांत अंडी असतात त्या पिशव्या) हळूहळू मारतं, अंडाशय जागेवर राहतं, चक्र आधी अनियमित होतं आणि मग थांबतं. हे जास्त जवळचं आहे, कारण बाईला त्रास होतो तो बराचसा इस्ट्रोजेन वरखाली होतं त्या काळात, पाळी कायमची थांबण्याच्या आधीच्या वर्षांत.

आणि हो, उंदीर "उदास" होतो असं मी म्हणत नाही. 1977 पासून चालत आलेली पाण्यात पोहायला लावायची चाचणी मला कधीच पटली नाही. हातपाय हलवणं थांबवलं म्हणजे तो निराश झाला की शक्ती वाचवतोय, हे कोण ठरवणार? अपराधीपणा, मरावंसं वाटणं, हे उंदरात मोजता येत नाही. ते बाईलाच विचारावं लागतं, आणि आमच्याकडे तेच कुणी विचारत नाही.

आईला मी पुढे जळगावला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. गोळ्या सुरू झाल्या, वेळ लागला, पण ती झोपायला लागली. हॉर्मोनबद्दल विचारलं तर डॉक्टर म्हणाले, ऑपरेशननंतर लगेच द्यायला हवे होते, आता इतक्या वर्षांनी सुरू करणं बरोबर नाही. काका तेव्हा शेजारच्या खुर्चीवर होते. त्यांनी ऐकलं. काही बोलले नाहीत, पण मानलंही नाही.

मी डॉक्टर नाही, हे वाचून कुणी हॉर्मोनच्या गोळ्या घेऊ नका. स्तनाचा कॅन्सर झालेल्यांना किंवा रक्तात गुठळी होऊन गेलेल्यांना ते सहसा देत नाहीत. पण घरात कुणाचं ऑपरेशन ठरत असेल तर अंडाशयं ठेवणार का काढणार, काढणार तर का, आणि नंतर काय देणार, हे आधी विचारा. सही बाईने स्वतः करावी. झालं असेल तर डिस्चार्ज कार्ड शोधा आणि इंग्रजी येणाऱ्या कुणाकडून तरी पूर्ण वाचून घ्या.