चोखोबांची गोष्ट कुणाला सांगायची

चि. बाळ,

रामकृष्ण हरी.

तुझा निरोप वाचला. वारीत फलटणच्या मुक्कामी तुझी मैत्रीण भाकऱ्या थापायला चुलीपाशी गेली, तिथं तिला आडनाव विचारलं, आणि ऐकल्यावर "तू राहू दे गं, आम्ही करतो" असं म्हणून उठवलं. दिवसभर एकमेकींना माउली म्हणणाऱ्या तोंडांनी हे केलं, याचा मला संताप आला. तुलाही आला, हे फार बरं झालं.

आता काय करू, असं विचारतेस. आधी तिच्यापाशी जाऊन बस. तिला काय हवंय ते तिच्याकडूनच ऐक. कदाचित तिला बोलायचं असेल, कदाचित गपचूप चालायचं असेल, कदाचित घरी परतायचं असेल. तिला न विचारता तू सगळ्यांत भांडण उभं केलंस, तर त्या घोळक्यात ती दुसऱ्यांदा एकटी पडेल.

आणि संतांचं नाव घेऊन तिची समजूत घालू नकोस. "चोखोबांनीसुद्धा सोसलंच ना" हे आपल्याकडे फार सहज तोंडात येतं. चोखोबा काय सोसून गेले ते तिला तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. ती गोष्ट सांगायची ती चुलीपाशी आडनाव विचारणाऱ्या बाईला आणि दिंडीप्रमुखांना.

पण सांगशील तर पुरती सांग. ज्यांचे अभंग आपण रोज भजनात म्हणतो, त्या चोखोबांना जातीपायी विठ्ठलाच्या देवळात पाऊल टाकता आलं नाही. १३३८ मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली आणि ते तिच्याखाली गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपूरला आणल्या, महाद्वारापाशी समाधी बांधली. मैत्रीला जागणं म्हणतात ते हे. तरीही समाधी दाराबाहेरच राहिली. (पायरीवर डोकं टेकताना हे किती जणांच्या मनात येत असेल?) ते दार चोखोबांच्या लोकांसाठी उघडायला १९४७ साल उजाडावं लागलं. मधल्या सहाशे वर्षांत टाळ-मृदंग कधी थांबले नव्हते, कीर्तनांत समतेचे दाखलेही कमी पडले नव्हते. साने गुरुजी आधी महाराष्ट्रभर गावोगाव फिरले, मग मे महिन्यात पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले, तेव्हा ते दार उघडलं. गुरुजी जन्मानं ब्राह्मण. त्यांना स्वतःला त्या देवळात कुणी अडवलं नव्हतं. आणि त्यांना विरोध करणारे लोकही विठ्ठलाचंच नाव घेत होते, हे विसरू नकोस.

म्हणून दिंडीप्रमुख "आपल्या संप्रदायात जातपात नाही" असं म्हणाले, तर मान डोलावून परत येऊ नकोस. एकटी जाऊ नकोस, दोघी-तिघींना बरोबर घे. आवाज चढवू नकोस, पण मोघमही बोलू नकोस. कुठं, कुणी, काय म्हटलं ते त्याच शब्दांत सांग. "गैरसमज झाला असेल" हे ऐकावं लागेल. "वारीत वाद नको" हे तर नक्कीच. तेव्हा शांतपणे सांग की वाद चुलीपाशी झाला, आम्ही फक्त तो तुमच्या कानावर घालतोय. मैत्रिणीला मान्य असेल तर मागणी एकच ठेवा: पुढच्या मुक्कामी ती चुलीपाशी बसेल, आणि हे दिंडीप्रमुखांनी हरिपाठानंतर सगळ्यांसमोर सांगावं. अपमान चारचौघींत झाला, तर त्याची भरपाई तंबूआड कुजबुजून व्हायची नाही.

तोवर पंगतीत तिच्या शेजारी तूच बस. तिला लांब बसवलं तर तूही तिथंच जाऊन बस.

कायद्याचंही माहीत असू दे. अस्पृश्यता संविधानाच्या १७व्या कलमानं संपवली आहे. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यात धार्मिक मिरवणुकीत भाग घेण्यापासून अस्पृश्यतेपायी कुणाला अडवणं हाही गुन्हा आहे. पण तक्रार करायची की नाही हे तिनंच ठरवायचं. तिनं ठरवलं तर साक्षीला तू उभी राहा, आणि तेव्हा घरचे काय म्हणतील याचा विचार आजच करून ठेव.

तुमच्या दिंडीप्रमुखांशी माझी जुनी ओळख आहे. तिची हरकत नसेल तर मी आज रात्रीच त्यांना फोन करतो. ती नको म्हणाली तर नाही करणार. तिला विचारून कळव, पुढच्या मुक्कामी बरडला पोचायच्या आत.

तुझा,
काका