व्हिएन्ना ते बुडापेस्ट: विमान कशाला, ट्रेनने जा

अरे, व्हिएन्नाहून बुडापेस्टला कसं जाऊ, हातात एक दिवस आहे, असं विचारलंस ना, तर पहिलं म्हणजे विमानाचा विचार सोडून दे, अंतर जेमतेम अडीचशे किमी आहे, डायरेक्ट ट्रेन पावणेतीन तासांच्या आत पोचवते आणि उतरतोस ते थेट बुडापेस्टच्या केलेती स्टेशनला, शहरातच. पण तुझ्याकडे अख्खा दिवस आहे ना, मग मधे ब्राटिस्लाव्हाला (स्लोव्हाकियाची राजधानी) उतर, व्हिएन्नाहून साधी लोकल टाईप ट्रेन साधारण तासाभरात नेते, स्टेशनवर लॉकरमधे बॅग टाकायची आणि जुन्या गावात उतारावरून चालत जायचं (येताना चढ लागतो, जेवण बेताने कर). चार-पाच तास पुरे होतात, किल्ल्यावरून डॅन्यूब नदी बघ, मग दुपारची बुडापेस्टची गाडी पकड, अडीच तास धर.

व्हिसाचं टेन्शन नको, ऑस्ट्रिया, स्लोव्हाकिया, हंगेरी तिन्ही देश शेंगेनमधे (एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश) आहेत, सिंगल एंट्री चालते, पण पासपोर्ट अंगावरच ठेव, गाडीत कधीकधी चेक करतात. लांबच्या गाडीचं तिकीट आधी काढलं की स्वस्त पडतं, मात्र स्वस्तवालं बहुतेक त्याच गाडीला चालतं, ती चुकली की गेलं. आणि तिकीट म्हणजे सीट नाही हां! आपल्याकडच्यासारखा बर्थ नंबर आपोआप मिळत नाही, शनिवार-रविवार असेल तर रिझर्व्हेशन वेगळं कर, मी एकदा कंजूषपणा केला आणि दाराजवळ बॅगेवर बसून गेलो.

पैशाचं म्हणशील तर हंगेरीत युरो नाही, फोरिंट. एटीएमने रक्कम रुपयात किंवा युरोत दाखवली तर नको म्हण, फोरिंटमधेच घे, नाहीतर रेट बेकार लागतो.