सॉफ्टवेअर नोकरीच्या जाहिरातींत ‘ओनरशिप’, ‘रॉकस्टार’, ‘इमिजिएट जॉइनर’ असे लिहितात, त्याचा खरा अर्थ काय?

तुम्ही रत्नागिरीत अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहात आणि प्रश्नासोबत एक जाहिरात उतरवून दिली आहे: ‘रॉकस्टार फुल स्टॅक डेव्हलपर हवा, शून्य ते दोन वर्षे अनुभव, इमिजिएट जॉइनर, ओनरशिप घेणारा, फास्ट-पेस्ड वातावरणाची आवड असणारा.’ या शब्दांचा अर्थ काय आणि अशा ठिकाणी अर्ज करावा का, असे तुमचे दोन प्रश्न आहेत. बाकीच्या शब्दांकडे मी येईन, पण ‘ओनरशिप’ हा शब्द वाचल्यावर मला आधी त्याच्याविषयीच लिहावे लागेल, कारण या एका शब्दापायी माझा चौदा दिवसांचा पगार गेला आणि माझे प्रोबेशन, म्हणजे नोकरी कायम होण्याआधीचा परीक्षेचा काळ, तीन महिन्यांनी वाढले.

मी दापोली तालुक्यातील आंजर्ल्याची. डिसेंबर २०१९ मध्ये पुण्यातील एका लहान कंपनीत जावा डेव्हलपर म्हणून रुजू झाले. जाहिरातीत हाच शब्द होता. मुलाखतीत मी त्याचा अर्थ विचारला, तेव्हा एचआरच्या बाई म्हणाल्या, “काम आपलं समजून करणारी माणसं आम्हाला हवी आहेत.” ज्या घरात पाण्याची पाळी चुकली तर रात्री उठून पोफळींना पाणी लावतात, त्या घरात मी वाढले आहे. काम आपले समजणे म्हणजे काय, हे मला कोणी शिकवण्याची गरज नव्हती. मला तो शब्द आवडला होता, हे मी मुद्दाम सांगते.

मार्च २०२० मध्ये कोविडच्या टाळेबंदीत कार्यालय बंद झाले आणि मी घरी आले. ओटीवर टेबल मांडून दोन महिने व्यवस्थित काम केले. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, आणि आम्ही त्याच्या दक्षिणेला असूनही दापोली-मंडणगडला त्याने सोडले नाही. संध्याकाळी वारा पडल्यावर आम्ही मागच्या दाराने आगरात उतरलो, तर पायाखाली जमीन दिसत नव्हती, नुसती झावळे आणि आडव्या पोफळी पडल्या होत्या. आमच्याकडच्या एकशे चाळीस पोफळींपैकी एकतीस उभ्या राहिल्या. घराची अर्धी कौले उडाली होती, माजघरात पाणी होते, वीज नव्हती आणि फोनला रेंज नव्हती. लॅपटॉप मी पीठाच्या डब्यात ठेवला, कारण घरात तेवढीच एक जागा कोरडी असल्याची खात्री होती.

पहिले दोन दिवस वाडीतील लोक कोयती-कुऱ्हाडी घेऊन रस्ता मोकळा करत होते. ६ जूनला धाकट्या भावाने मला मोटारसायकलवर बसवून दापोलीमार्गे खेडला नेले. दापोलीतही रेंज मिळाली नाही. भरणे नाक्यावर पोहोचलो आणि पिशवीतला फोन थरथरू लागला, तो दोन-तीन मिनिटे थांबला नाही. सर्वांत वर माझ्या मॅनेजरचा निरोप होता, ४ जूनच्या रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी पाठवलेला: ‘पेमेंटचे रिपोर्ट आलेले नाहीत. कृपया ओनरशिप घ्या.’ तोवर कोकणातील वादळाची दृश्ये सर्व वृत्तवाहिन्यांवर दोन दिवस दाखवली गेली होती. मी तिथेच रस्त्याच्या कडेला उभी राहून त्यांना फोन केला आणि घराची अवस्था सांगितली. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, “लॅपटॉप घेऊन पुण्याला येता येईल का?” त्या दिवसांत जिल्हा ओलांडायला ई-पास लागत होता आणि आई-बाबा ताडपत्रीखाली झोपत होते.

शेवटी खेडला एका नातेवाइकांच्या घरी राहून मी २४ जूनपासून काम सुरू केले. आमच्या घरी वीज आली ती २८ जूनला. मधले कामाचे चौदा दिवस बिनपगारी धरले गेले. प्रोबेशनच्या अहवालात माझ्या कोडविषयी चांगलेच लिहिले होते, आणि त्याखाली ‘महत्त्वाच्या रिलीजच्या वेळी ओनरशिपचा अभाव’ अशी ओळ होती.

तो अहवाल वाचला त्या दिवशी मला कळले की जाहिरातीतील हा शब्द स्वभावाचा गुण म्हणून लिहिलेला असला, तरी प्रत्यक्षात ती कामाची अट असते. रात्री-अपरात्री यंत्रणा बंद पडली तर उठायचे कोणी, त्याची पाळी लावलेली नाही, त्याचे वेगळे पैसे ठरलेले नाहीत आणि बदली माणूसही नाही, या तिन्ही गोष्टी मिळून त्या कंपनीत एक शब्द झाला होता. मालकी म्हटले की हक्क आणि जबाबदारी दोन्ही येतात. आमच्या आगराची मालकी बाबांकडे आहे, म्हणून नुकसान त्यांचे आणि येणारी सुपारीही त्यांचीच. कंपनीच्या ‘ओनरशिप’मध्ये नुकसान तेवढे माझ्या वाट्याला आले.

याच दृष्टीने तुमच्या आणि इतर जाहिरातींतील शब्द वाचा. ‘फास्ट-पेस्ड’ म्हणजे काय करायचे हे लिहून न देता काम सुरू होते आणि मध्येच बदलते. ‘अनेक भूमिका निभावणारा’ म्हणजे टेस्टर, म्हणजे सॉफ्टवेअर तपासणारा वेगळा माणूस, नेमलेला नाही. ‘फुल स्टॅक’ हा शब्द मुळात प्रामाणिक आहे, पडद्यापासून डेटाबेसपर्यंत सर्व थरांवर काम करू शकणारा असा त्याचा अर्थ. पण शून्य ते दोन वर्षे अनुभवाच्या जाहिरातीत तो आला, तर दोन माणसांचे काम एका पगारात हवे आहे असे समजावे, कारण दोन वर्षांत एक थर नीट समजला तरी पुष्कळ झाले. ‘कुटुंबासारखे वातावरण’ या शब्दांविषयी माझे मत इतके वाईट आहे की ती जाहिरात मी पुढे वाचतच नाही.

‘इमिजिएट जॉइनर’, म्हणजे लगेच रुजू होणारा, हा शब्द थोडा खोलात जाऊन समजून घ्यावा. आपल्याकडे मोठ्या कंपन्यांत नोटिस पिरियड, म्हणजे राजीनाम्यानंतर काम करण्याची मुदत, बहुधा साठ किंवा नव्वद दिवसांचा असतो, त्यामुळे अनुभवी माणूस उद्या येऊच शकत नाही. उद्या येऊ शकतो तो नोकरी नसलेला, किंवा दुसरी नोकरी हातात नसताना राजीनामा दिलेला माणूस, आणि असा माणूस पगाराची घासाघीस करत नाही. कधी क्लायंटला दिलेली तारीख जवळ आलेली असते, कधी कोणी अचानक सोडून गेलेले असते. मुलाखतीत ‘ही जागा कशी रिकामी झाली?’ एवढे जरूर विचारा.

‘रॉकस्टार’ आणि ‘दहापट काम करणारा’ हे शब्द एकाच घरातले. दहापटीची कल्पना सॅकमन, एरिक्सन आणि ग्रँट यांच्या १९६८ च्या अभ्यासापर्यंत मागे नेली जाते. थेट संगणकावर बसून काम करणे आणि काम देऊन निकालाची वाट पाहणे यांची तुलना करायला तो अभ्यास केला होता, आणि त्यात प्रोग्रामर-प्रोग्रामरमधील फरकच फार मोठा निघाला. अनुभवी प्रोग्रामरांच्या गटात माणसे होती फक्त बारा, आणि सर्वांनी एकच भाषा वापरलेली नव्हती. एवढ्या आधारावर तिशीच्या आतल्या मुलांकडून दहा माणसांचे काम मागणे मला अन्यायाचे वाटते. ‘निन्जा’ मात्र आपल्याकडे दोन अर्थांनी येतो: टीसीएसच्या नवोदितांच्या भरतीत ‘निन्जा’ हे एका श्रेणीचे नाव आहे, तिथे त्याचा अर्थ ठरलेला आहे आणि घाबरण्यासारखे काही नाही. इतरत्र तो ‘रॉकस्टार’चाच भाऊ.

अनुभवाच्या वर्षांना फार भिऊ नका. २०२० मध्ये फास्टएपीआय या प्रोग्रामिंगच्या साधनाचे निर्माते सेबास्टियन रामिरेझ यांनी सांगितले होते की एका जाहिरातीत फास्टएपीआयचा चार वर्षांहून अधिक अनुभव मागितला होता, आणि त्यांनी स्वतः ते बनवून दीडच वर्ष झाले होते. हे आकडे पुष्कळदा जुन्या जाहिरातीवरून उतरवलेले असतात. सत्तर टक्के जुळत असेल तर अर्ज करा.

पगाराच्या शब्दाविषयी तुम्ही विचारलेले नाही, पण फसगत तिथे जास्त होते. सीटीसी म्हणजे कंपनी तुमच्यावर वर्षाला करणारा एकूण खर्च. ‘सहा लाख सीटीसी’ म्हणजे महिना पन्नास हजार, असे समजून घरी सांगू नका. बेसिक, म्हणजे मूळ पगार, दोन लाख चाळीस हजार धरला, तर कंपनीच्या वाट्याचा पीएफ बारा टक्क्यांनी २८,८०० आणि ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम) सुमारे ११,५००, हे त्या सहा लाखांतच मोजलेले असतात. व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर अवलंबून असलेला भाग, दहा टक्के असेल तर ६०,००० ‘मिळाले तर’ या सदरात जातात. विम्याचे आठ हजार धरा, मग तुमच्या वाट्याचा पीएफ आणि व्यवसाय कराचे २,५०० वजा करा, की हातात महिना साधारण ३८,००० उरतात. ग्रॅच्युइटी तर नेहमीच्या कायम नोकरीत पाच वर्षे पुरी झाल्याशिवाय मिळत नाही. तीन वर्षांत नोकरी बदलणाऱ्याच्या पगारात ती मोजणे मला मान्य नाही, मग ते कायद्यात बसत असले तरी.

आता माझ्या थोरल्या चुलतभावाचे म्हणणे सांगते, कारण तुम्हाला कोणी ना कोणी तेच सांगणार आहे. दादा नवी मुंबईत अनेक वर्षे आयटी कंपन्यांसाठी माणसे शोधण्याचे काम करतो. त्या वर्षी गणपतीला तो विलगीकरणाचे दिवस धरून लवकर आला होता. आरतीनंतर ओटीवर विषय निघाला, आणि तो मला सर्वांसमोर म्हणाला, “जाहिरात ही जाहिरात असते गं. अटी ऑफर लेटरमध्ये असतात. तू वाचलं नाहीस, यात कंपनीचा काय दोष?” बाबाही गप्प राहिले. मला तेव्हा उत्तर सुचले नाही आणि मी उठून आत गेले.

आज मी त्याला असे सांगते. माझे ऑफर लेटर दोन पानांचे होते. त्यात पद, पगार, रुजू होण्याची तारीख आणि ‘कंपनीच्या वेळोवेळी लागू असलेल्या धोरणांनुसार’ हे वाक्य होते. ती धोरणे मला पाहायला मिळाली रुजू झाल्याच्या दिवशी, लॅपटॉप घेतल्याची सही करताना, आणि तोवर मी आधीची नोकरी सोडून, पुण्यात खोलीचे डिपॉझिट भरून बसले होते. निर्णय घेताना माझ्या हातात जाहिरात होती आणि मुलाखतीतील ते एक गोड वाक्य होते. माणूस ज्या मजकुरावर विसंबून घर सोडतो, त्या मजकुराची जबाबदारी तो लिहिणाऱ्यावर असलीच पाहिजे. दादा स्वतः हर्णैला लिलावानंतर मासळी घ्यायला जातो, तेव्हा कल्ला उचलून आतला रंग पाहिल्याशिवाय सरंगा घेत नाही, आणि विकणारीही त्याला तो पाहू देते. आमच्या धंद्यात कल्ला उचलायला गेले की ‘हिच्यात सकारात्मकता नाही’ असा शेरा मिळतो, आणि हा शेरा देणाऱ्यांत त्याच्यासारखे भरतीवाले आहेत, हे त्याने मान्य करावे एवढेच माझे मागणे आहे.

एक गोष्ट मात्र त्याच्या बाजूने लिहिते. जाहिरात लिहिणारी व्यक्ती बहुतेक वेळा डेव्हलपर नसते, तिला दुपारपर्यंत दहा जागांचा मजकूर टाकायचा असतो, आणि ती शब्द दुसरीकडून उचलते. त्यामुळे ‘रॉकस्टार’ लिहिणारी प्रत्येक कंपनी वाईट नसते. माझी एक मैत्रीण ‘निन्जा हवा’ अशी जाहिरात देणाऱ्या कंपनीत सुखाने काम करते, आणि स्वच्छ, मोजक्या भाषेत जाहिरात देऊन माणसांना पिळून घेणारी ठिकाणेही मी पाहिली आहेत. माझा अनुभवही बॅकएंडचा, म्हणजे पडद्यामागे सर्व्हरवर चालणाऱ्या कामाचा आहे. गेमिंग किंवा एम्बेडेडमध्ये (उपकरणांच्या आत चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) हे शब्द कसे वापरतात, त्यावर मी बोलत नाही.

तेव्हा तुमच्या त्या जाहिरातीला अर्ज करा, पहिल्या नोकरीला तेवढी मुभा असते. पण मुलाखत झाल्यावर, होकार देण्याआधी, एक साधा मेल पाठवा आणि त्यात विचारा: कार्यालयीन वेळेनंतर काम आले तर पाळी कशी लागते, त्याचा मोबदला काय, आणि घरून काम करताना वीज किंवा नेटवर्क गेले तर तो दिवस कसा धरतात. कोकणात घर असणाऱ्याने तिसरा प्रश्न कधीही वगळू नये. फोनवर मिळालेले उत्तर धरू नका, लेखी मागा. उत्तरात पुन्हा ‘आमच्याकडे सगळे ओनरशिप घेतात’ असे आले, तर दुसरी जाहिरात शोधा.

मी हा मेल २०२२ मध्ये चार कंपन्यांना पाठवला. दोघांनी उत्तर दिले नाही, तिसऱ्यांनी फोन करून समजूत घातली. चौथ्यांनी त्याच संध्याकाळी लिहिले: ‘महिन्यातून एक आठवडा, रात्री अकरापर्यंत, त्या आठवड्याचे वेगळे पैसे पगारासोबत मिळतात, वादळ-पूर असेल तर हजेरी धरली जाते.’ मी अजून तिथेच आहे.